बारीक पोराची शुगर : एका निदानाचा इतिहास

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत 'शुगर' हा शब्द आता घराघरांत रुळला आहे. नारायणगावच्या बाजारात, मंचरच्या एसटी स्थानकावर, घोडेगावच्या दवाखान्याबाहेर तो सहज कानावर पडतो. पण तो उच्चारताना बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो तो पन्नाशीचा, पोट सुटलेला, बैठे काम करणारा माणूस. आठ-दहा वर्षांचे, हाडे दिसू लागलेले, रात्रीतून चार वेळा लघवीला उठणारे आणि घागरीजवळून न हलणारे पोर त्या चित्रात बसत नाही. मग त्याला जंत झाले असतील, नजर लागली असेल, उन्हाळी लागली असेल, असे म्हटले जाते. पुढे उलट्या सुरू होतात, पोट दुखते, श्वास खोल आणि जोरात चालू लागतो. तेव्हा कुणी अपेंडिक्सची, तर कुणी न्यूमोनियाची शंका घेतो. या अवस्थेत रक्त आम्लधर्मी होत गेलेले असते. काही तासांत इन्शुलिन आणि सलाइन मिळाले नाही, तर मूल दगावते.

या आजाराचे शास्त्रीय नाव टाइप १ मधुमेह. शरीराच्या प्रतिकारपेशी स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करतात, म्हणून त्याला स्वयंप्रतिकारक मधुमेह असेही म्हणतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील सव्वादोन लाखांहून अधिक मुलामुलींना तो आहे. कोणत्या मुलाला हा आजार होण्याची जोखीम जास्त आहे, हे आजार दिसण्याआधी प्रतिकारपेशींच्या जनुकांवरून सांगता येईल का, हा आजच्या वैद्यकातला एक मोठा प्रश्न आहे. या प्रश्नाच्या इतिहासात पुणे शहराला आणि पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांना अनपेक्षित जागा आहे. जोखमीचे ज्ञान त्यांच्याच उपयोगी पडते ज्यांचे रक्त तपासून ते तयार झाले, आणि जे रुग्ण ठरलेल्या चौकटीत बसले नाहीत ते दीर्घकाळ मोजणीबाहेर राहिले, असे या इतिहासातून दिसते.

दोन मधुमेहांची जुनी ओळख

मधुमेह एकच नाही, ही जाण नवी नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे 'सहज' आणि 'अपथ्यनिमित्तज' असे दोन भेद सांगितले आहेत. पहिल्यातला रोगी कृश, रुक्ष, कमी खाणारा आणि सतत तहानलेला असतो. दुसऱ्यातला स्थूल, भरपूर खाणारा आणि बैठकीची व झोपेची आवड असलेला असतो. सुश्रुताला स्वयंप्रतिकार ठाऊक होता असा अर्थ यातून काढणे चूक ठरेल. पण बारीक रोगी आणि जाड रोगी यांचा आजार वेगळा आणि त्यांचे उपचारही वेगळे, हे निरीक्षण मात्र पक्के होते.

युरोपात १८८९ साली मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढल्यावर त्याला मधुमेह झाल्याचे दाखवले. त्यानंतर तीस वर्षे स्वादुपिंडातला तो पदार्थ वेगळा काढण्याचे प्रयत्न चालले. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरँटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. बारा दिवसांनी दिलेल्या सुधारित अर्काने त्याची साखर उतरली. त्याचे वजन तेव्हा तीस किलोच्याही आत होते. तोवर अशा मुलांवर एकच उपाय होता, तो म्हणजे उपाशी ठेवण्याचा. त्याने मृत्यू थोडा लांबत असे, इतकेच.

इन्शुलिन आल्यावर एक गोष्ट उघड झाली. काही रुग्णांत थोड्याशा इन्शुलिननेही साखर झरझर उतरे, काहींत भरपूर देऊनही फारसा फरक पडत नसे. लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ साली हा फरक पद्धतशीर मोजून इन्शुलिनला दाद देणारे आणि न देणारे असे दोन गट मांडले. मात्र बारीक मुलांच्या बीटा पेशी मुळात का संपतात, याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते.

घरातलाच हल्लेखोर

उत्तराचा पहिला धागा १९६५ साली बेल्जियममध्ये सापडला. विली गेप्ट्स यांनी मधुमेह झाल्यावर थोड्याच काळात दगावलेल्या तरुण रुग्णांची स्वादुपिंडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांतल्या बऱ्याच नमुन्यांत इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीपुंजांभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा गराडा होता. संसर्गाशी लढणाऱ्या पेशी तिथे काय करत होत्या? १९७४ साली लंडनमध्ये बोत्ताझो आणि डोनियाक यांच्या गटाला काही मधुमेही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच पेशीपुंजांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये नेरुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हा आजार असलेल्यांमध्ये एचएलए नावाच्या जनुकांचे विशिष्ट प्रकार जास्त आढळतात.

एचएलएचे काम समजायला जुन्नरजवळचा नाणेघाट उपयोगी पडेल. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याला जकातीच्या चौकीवर आपला माल उघडून दाखवावा लागे. शरीरातल्या पेशीही आपल्यातल्या प्रथिनांचे तुकडे एचएलए रेणूंच्या तबकात ठेवून पृष्ठभागावर मांडतात. टी पेशी पहारेकऱ्यासारख्या ते तपासतात आणि परका तुकडा दिसला की हल्ला करतात. तबकाचा आकार माणसागणिक वेगळा असतो. काही आकारांत इन्शुलिनसारख्या स्वतःच्याच प्रथिनाचे तुकडे अशा रीतीने बसतात की ते परके मानण्याची शक्यता वाढते. १९८७ साली टॉड, बेल आणि मॅकडेव्हिट यांनी एचएलए-डीक्यू रेणूतल्या सत्तावन्नाव्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाचा या जोखमीशी संबंध दाखवला. तबकाच्या एका कोपऱ्यातला तेवढा बदलही महत्त्वाचा ठरत होता.

आदल्याच वर्षी, १९८६ मध्ये, बॉस्टनच्या जॉर्ज आयझेनबार्थ यांनी आजाराचा काळपट मांडला होता. आधी जनुकीय कल, मग काहीतरी निमित्त, मग वर्षानुवर्षे शांतपणे चालणारा बीटा पेशींचा नाश आणि अगदी शेवटी तहान व लघवी. म्हणजे घरच्यांना आजार 'अचानक' झाल्यासारखा वाटतो, तेव्हा तो बहुधा कित्येक महिने किंवा वर्षे आधी सुरू झालेला असतो. जोखीम आधी ओळखण्याच्या साऱ्या खटाटोपाचा पाया हाच आहे.

तलाठ्याचे दप्तर आणि त्यातल्या नकला

२००७ नंतर हजारो रुग्णांचे संपूर्ण जनुकीय नकाशे तपासणे शक्य झाले. एचएलएखेरीज जोखीम वाढवणाऱ्या जागा एकामागून एक सापडत गेल्या. आज त्यांची संख्या साठाच्या वर आहे. पण त्यांतल्या बहुतेक जागा प्रथिनाची कृती लिहिलेल्या भागात नव्हत्या. जनुक कधी, कुठे आणि किती चालू करायचे हे ठरवणाऱ्या कळांमध्ये त्या होत्या. २०१५च्या सुमारास स्पष्ट झाले की यातल्या अनेक कळा मुख्यतः टी आणि बी पेशींत, म्हणजे प्रतिकारपेशींत, कार्यरत असतात.

इथे 'जनुक असणे' आणि 'जनुक चालू असणे' यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. तलाठ्याच्या दप्तरात गावाचे सगळे उतारे असतात, पण रोज ज्यांची गरज पडते त्यांच्याच नकला निघतात. शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात. त्यांतल्या कोणत्या जनुकांच्या किती नकला निघत आहेत हे मोजले, तर ती पेशी त्या घडीला काय करते आहे ते कळते. आरएनए म्हणजे ही नक्कल. जनुकीय वारसा जन्मभर तोच राहतो. नकलांची संख्या मात्र आजार, आहार, संसर्ग, वय यांप्रमाणे बदलते. म्हणून वारसा जोखीम सांगतो, तर नकला घडामोड सांगतात.

ही घडामोड लहान मुलांत पाहायची, तर आजार होण्याआधीपासून वर्षानुवर्षे रक्त घेत राहावे लागते. जगात या आजाराचे प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या फिनलंडने हे काम १९९४ पासून हाती घेतले. जन्मतःच जोखीम असलेल्या बालकांचा तिथे पाठपुरावा होतो. २०१४ साली फिनलंड आणि जर्मनीतल्या अशा मुलांच्या रक्ताच्या अभ्यासांतून एक खूण पुढे आली. विषाणूंशी लढताना चालू होणारी इंटरफेरॉन गटातली जनुके काही मुलांत प्रतिपिंडे दिसण्याच्याही आधी जोरात चालू झालेली होती. पुढे अमेरिका आणि युरोपातल्या 'टेडी' या मोठ्या अभ्यासातल्या नमुन्यांवरून २०२१ साली दिसले की प्रतिकारपेशींतल्या जनुकांच्या हालचालींवरून कोणते मूल आजाराकडे लवकर सरकेल याचा काही अंदाज बांधता येतो.

याच प्रदेशातला एक दाखला मात्र जनुकांची मर्यादा दाखवतो. फिनलंड आणि सीमेपलीकडचा रशियातला करेलिया या दोन्हीकडे जोखमीच्या एचएलए प्रकारांचे प्रमाण बरेचसे सारखे आहे. तरीही २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत फिनलंडमधले आजाराचे प्रमाण जवळपास सहापट होते. सीमारेषेने वाटलेली होती ती राहणी, स्वच्छता, संसर्ग आणि आहार. एकसारख्या जुळ्यांतही एकाला हा आजार झाला म्हणजे दुसऱ्याला होतोच असे नाही.

चौकटीबाहेरचे रुग्ण

हे सारे ज्ञान मुख्यतः युरोपीय वंशाच्या मुलांच्या रक्तावर उभे राहिले. भारतातल्या डॉक्टरांपुढचा पेच वेगळा होता. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक बारीक, तरुण, इन्शुलिन लागणारा रुग्ण टाइप १चाच असे नव्हते. काहींच्या स्वादुपिंडात खडे असत. काही लहानपणापासून अर्धपोटी वाढलेले असत. त्यांची साखर खूप चढे, पण इन्शुलिन चुकले तरी रक्त आम्लधर्मी होत नसे. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'कुपोषणाशी निगडित मधुमेह' असा स्वतंत्र वर्ग मान्य केला. १९९९ साली पुरावा अपुरा म्हणून तो यादीतून काढून टाकला. चौदा वर्षांत वर्ग आला आणि गेला, रुग्ण मात्र दवाखान्यात येतच राहिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या रुग्णांचा २०२२ साली बारकाईने अभ्यास झाला. या रुग्णांत इन्शुलिनची कमतरता असली तरी त्यांची शरीररचना आणि चयापचय टाइप १पेक्षाही वेगळा आणि टाइप २पेक्षाही वेगळा असल्याचे त्यातून दिसले. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या आजाराला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली.

मग टाइप १ कोणता हे भारतात कसे ओळखायचे? प्रतिपिंडांची तपासणी हा एक मार्ग आहे. पण ती महाग पडते, सगळीकडे होत नाही आणि आजार जुना झाला की प्रतिपिंडे मावळूही शकतात. जनुके मावळत नाहीत. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी जोखमीच्या अनेक जागा एकत्र करून एक 'जनुकीय जोखीम गुणांक' तयार केला होता. तो युरोपीय लोकांसाठी होता. तो भारतीयांना लागू पडतो का, याची कसोटी पुण्यात लागली. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादच्या सीसीएमबीचे डॉ. गिरिराज चांडक आणि एक्सेटरचे संशोधक यांनी पुण्यातले टाइप १चे रुग्ण, टाइप २चे रुग्ण आणि मधुमेह नसलेले लोक यांची तुलना केली. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले.

युरोपात घडवलेला गुणांक पुण्यातही टाइप १ आणि टाइप २ वेगळे करण्यात उपयोगी ठरला. तपासलेल्यांपैकी नऊ जनुकीय जागा दोन्ही लोकसमूहांत आजाराशी जोडलेल्या आढळल्या. म्हणजे पुण्याच्या दवाखान्यात टाइप १ म्हणून ओळखले गेलेले रुग्ण बऱ्याच अंशी त्याच स्वयंप्रतिकारक आजाराचे होते. पण काही जागांचे वजन वेगळे निघाले. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. नरिंदर मेहरा यांनी त्याआधीच दाखवले होते की भारतीय रुग्णांतला एचएलए-डीआर३ हा प्रकार अनेकदा युरोपातल्यापेक्षा वेगळ्या जनुकसंचासोबत वारशाने येतो. तेव्हा इथल्या रुग्णांसाठी गुणांक अधिक अचूक करायचा, तर इथल्याच रुग्णांची माहिती त्यात घालावी लागेल. परक्या मापाने मोजता आले, पण माप आपले करून घेणे बाकी राहिले.

पाबळची नाळ

आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात हे माप घडवायला लागणारी चिकाटी तीन दशकांपूर्वीच दिसली होती. केईएमच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात वढू परिसरात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. १९९३ साली याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाबळ परिसरातल्या सहा गावांत गर्भारपणाआधीपासून स्त्रियांची नोंद ठेवायला सुरुवात केली. पुणे मातृपोषण अभ्यास या नावाने तो ओळखला जातो. इथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. तरीही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी पडले होते ते स्नायू आणि अवयव. 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीय बाळ ही कल्पना इथून जगभर गेली. सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात जीवनसत्त्व बी-१२ कमी होते, हेही याच गावांनी दाखवले.

तो अभ्यास टाइप २च्या जोखमीचा होता. मात्र त्याच्या पुढच्या पिढीने प्रतिकारपेशींच्या जनुकांपर्यंत मजल मारली. २०१२ साली त्याच कुटुंबांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींसाठी 'प्रिया' नावाचा प्रयोग सुरू झाला. एका गटाला बी-१२, दुसऱ्याला बी-१२सोबत इतर सूक्ष्मपोषके, तर तिसऱ्याला औषध नसलेली गोळी दिली गेली. पुढे या मुलींची लग्ने झाली, बाळे झाली, तेव्हा नाळेतले रक्त जपून ठेवले गेले. पुण्यातल्या जनुकशास्त्रज्ञांनी त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींतल्या आरएनएच्या नकला मोजल्या. बी-१२ आणि सूक्ष्मपोषके एकत्र मिळालेल्या आयांच्या बाळांत पेशीविभाजनाशी संबंधित काही जनुकांच्या हालचालीत फरक दिसला.

या निष्कर्षाचा आवाका नेमका ठेवायला हवा. त्यातून बालपणीच्या स्वयंप्रतिकारक मधुमेहाची जोखीम सांगता येत नाही, आणि बी-१२च्या गोळ्यांनी तो टळतो असेही नाही. पण आईचा गर्भारपणाआधीचा आहार बाळाच्या पांढऱ्या पेशींतल्या जनुकांच्या हालचालीत उमटू शकतो, हे पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून दिसले. फिनलंडमध्ये केला जातो तसा सूक्ष्म अभ्यास ज्वारी-बाजरीच्या मुलखातही होऊ शकतो, ही त्याची दुसरी शिकवण. त्यासाठी तीस वर्षे घरोघर जाणारे कार्यकर्ते लागले, आणि बाळंतपणाच्या रात्री नाळेचे रक्त गोळा करून बर्फात ठेवणारी माणसे लागली.

घोड आणि कुकडीच्या खोऱ्यासाठी अर्थ

आता जोखीम ओळखून काय करायचे, हा प्रश्न. २०१९ साली टेप्लिझुमॅब या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. प्रतिपिंडे असलेल्या, पण आजार न उमटलेल्या व्यक्तींत टी पेशींना लगाम घालून त्याने आजार सुमारे दोन वर्षे लांबवला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आजार मुळापासून टळत नसला, तरी दहा वर्षांच्या मुलाला आणखी दोन वर्षे सुईविना मिळणे ही लहान गोष्ट नाही. अशी औषधे उद्या इथे आली, तर कुणाला द्यायची हे ठरवायला जोखमीचे माप लागेल. ते माप युरोपीय मुलांचेच राहिले, तर माळशेज घाटालगतच्या महादेव कोळी किंवा ठाकर मुलावर ते किती अचूक बसेल? पुण्याच्या दवाखान्यात येऊ शकणाऱ्यांचे रक्त नोंदीत आले आहे. घाटघर, आहुपे किंवा डिंभे धरणाच्या मागच्या वाड्यांवरून पुण्याला पोहोचणे हाच एक दिवसाचा प्रवास आहे.

पण त्या गावांतल्या मुलाचा जीव आज वाचणार आहे तो गुणांकाने नाही, बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या थेंबाने. तहान, वारंवार लघवी, वजन उतरणे आणि थकवा या चार खुणा एकत्र दिसल्या, तर आशा कार्यकर्तीने किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने त्याच क्षणी साखर तपासली पाहिजे. बिछाना ओला न करणारे मूल पुन्हा करू लागले, तर त्याला रागावण्याआधी तपासावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२२ मध्ये टाइप १ मधुमेहाची मार्गदर्शक तत्त्वे प्रथमच प्रसिद्ध केली, त्यामुळे डॉक्टरांच्या हाती आता एक देशी आधार आहे.

निदानानंतरचा धोका इन्शुलिन बंद होण्याचा. मूल बरे दिसू लागले की घरातले कुणीतरी एखादा काढा किंवा चूर्ण सुचवते. सुरुवातीच्या काही महिन्यांत उरल्यासुरल्या बीटा पेशी थोडे काम करतात आणि इन्शुलिन कमी लागते. त्याचे श्रेय चूर्णाला जाते, सुई सुटते आणि मूल पुन्हा अत्यवस्थ होते. टाइप १ असेल तर इन्शुलिनला पर्याय नाही. प्रकाराबद्दल शंका असली, तरी शंका मिटेपर्यंत इन्शुलिन थांबवायचे नसते. फ्रिज नाही किंवा वीज जाते ही अडचण खरी आहे, पण दुस्तर नाही. 'मेदसां सां फ्रॉन्तिए' आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी २०२१ साली दाखवले की २५ ते ३७ अंशांदरम्यान बदलणाऱ्या तापमानातही तपासलेली इन्शुलिने चार आठवडे टिकून राहिली. उन्हापासून दूर, ओल्या मडक्यात ठेवलेली कुपी महिनाभर वापरण्याजोगी राहते.

या दोन कामांत खरे तर विरोध नाही. ज्या दिवशी घोडेगाव किंवा जुन्नरच्या रुग्णालयात अशा प्रत्येक मुलाचे वय, वजन, निदानाच्या वेळची अवस्था आणि त्यानंतरची वर्षे नीट नोंदवली जातील, त्या दिवशी उपचारही सुधारेल आणि संशोधनाचा पायाही घातला जाईल. पाबळच्या बायांनी तीस वर्षांपूर्वी आपली वजने, आपली ताटे आणि पुढे आपल्या लेकींच्या बाळांच्या नाळा मोजू दिल्या, म्हणून आज जगातल्या पाठ्यपुस्तकांत पुणे जिल्ह्यातले बाळ आहे. घोड आणि कुकडीच्या खोऱ्यातली बारीक, तहानलेली पोरे मात्र अजून बहुतांशी कुठल्याच वहीत नाहीत. त्यांची वही उघडायला जनुके वाचणारी प्रयोगशाळा लागत नाही. साखर मोजायचे यंत्र, इन्शुलिनचा खात्रीचा पुरवठा आणि दर महिन्याला नोंद करणारा एक माणूस, एवढ्यावर ती सुरू होते.